घरातलं एकुलतं एक मत

त्या वर्षी आमच्या मिसिसागातल्या घरात माणसं चार होती आणि मत एक होतं. ते माझं होतं.

२०१६ सालची गोष्ट. युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, यावर ब्रिटनमध्ये सार्वमत होणार होतं. आता ब्रिटनचं सार्वमत आणि मिसिसागातलं आमचं स्वयंपाकघर यांचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. सांगते. लग्न झाल्यावर मी कराडहून थेट इंग्लंडातल्या लेस्टरला गेले. आमचे हे तिथं मोज्यांच्या कारखान्यात फोरमन होते. अडतीस वर्षं मी त्या गावात काढली, पासपोर्टही तिथलाच घेतला. हे गेल्यावर लेक मेधा म्हणाली, "आता एकटी राहू नकोस," आणि मी इथं कॅनडात आले. ब्रिटनचा तेव्हाचा कायदा असा, की देश सोडून पंधरा वर्षं होईपर्यंत तुम्हाला मत देता येतं. मला आठच वर्षं झाली होती. मेधा आणि जावई शेखरराव अठरा वर्षांपूर्वी निघालेले, त्यामुळे त्यांचं मत कधीच आटलं होतं. नात सई सतरा वर्षांची, जन्म इथला, पासपोर्ट आईमुळे ब्रिटिश. तिला मत असण्याचा प्रश्नच नव्हता.

गंमत अशी, की या सार्वमतावर जिचं काही अडलं होतं अशी घरात एकटी सईच होती. तिला हॉलंडला जाऊन बांध, कालवे आणि पाणी अडवायचं शास्त्र शिकायचं होतं. ("आजी, तो देश समुद्राच्या खाली आहे आणि तरी बुडत नाही," हे ती मला दिवसातून एकदा सांगायची.) ब्रिटिश पासपोर्ट युरोपात चालत होता तोवर तिला तिथं युरोपातल्या मुलांइतकीच फी पडणार होती, म्हणजे इथल्या मानानं किरकोळ. ब्रिटन बाहेर पडलं की सई परदेशी, फी कित्येक पट, आणि पुढं तिथल्या नोकरीचंही काही खरं नाही. थोडक्यात, भविष्य सतरा वर्षांच्या मुलीचं आणि मत अडुसष्ट वर्षांच्या बाईचं.

मी तेव्हा अवघी अडुसष्टची. अंगात रग फार आणि अक्कल बेताची. शहाण्या बाईनं नातीच्या डोक्यावरून हात फिरवून "बरं बाळा" म्हटलं असतं. मी चष्मा पुसला आणि म्हणाले, "विचार करावा लागेल."

"कसला विचार?" सई म्हणाली.

"मत ही गंभीर गोष्ट आहे. आम्ही असं उठसूट कुणालाही मत देत नाही."

आता या गांभीर्याचा इतिहास सांगितला पाहिजे. १९७५ सालीही तिथं याच विषयावर सार्वमत झालं होतं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, आणि त्या आठवड्यात आमचं फ्रिज घेण्यावरून भांडण चाललं होतं. ह्यांनी सकाळी दाढी करता करता सांगितलं, की ते राहण्याच्या बाजूनं मत देणार. झालं, मी विरुद्ध दिलं. आम्ही दोघं पावसात, एका छत्रीतून, एकमेकांशी न बोलता मैलभर चालत गेलो, एकमेकांची मतं खोडली आणि तसेच परत आलो. घरी बसून भजी तळली असती तरी देशाचा निकाल तोच लागला असता आणि पाय कोरडे राहिले असते. पण हे मी सईला सांगितलं नाही. आजी म्हणून काही पत ठेवावी लागते.

सईनं माझं मत वळवण्यासाठी बावीस स्लाइड्स केल्या. हॉलमधल्या टीव्हीवर त्या लावून मला समोर बसवलं आणि हातात एक पट्टी घेऊन ती उभी राहिली.

"आजी, लेस्टरचं घर घेतलं तेव्हा कमावणारं कोण होतं?"

"हे."

"एकटेच?"

"एकटेच. मी पापड लाटायचे, पण ते घरात खायला."

"ओके. वन सॅलरी. मोजे. आणि घर."

"तीन बेडरूमचं. मागं बाग."

"मम्माच्या कॉलेजची फी किती होती?"

"फी कसली? उलट सरकारच तिला खर्चाला पैसे द्यायचं. त्यातून तिनं लेदरचं जाकीट घेतलं होतं."

"आई, जाकिटाचं कशाला काढतेस," ओट्यापासून मेधा म्हणाली.

सईनं पुढची स्लाइड लावली. त्यावर तिचाच फोटो होता आणि खाली काहीच लिहिलं नव्हतं. "ही मी. घर नाही, ग्रँट नाही, मत नाही. मी कितीही जॉब केला तरी इथं टोरोंटोच्या आसपास कॉन्डोचा दरवाजासुद्धा परवडणार नाही. म्हणजे तुम्ही दोघी पोटभर जेवलात, आणि मी टेबलावर आले तर फक्त डिशेस उरल्यात."

मुद्दा बिनतोड होता. बिनतोड मुद्दा समोर आला की आमच्या पिढीकडं एक उत्तर तयार असतं. "आमच्या त्या घरात पहिली चार वर्षं संडास अंगणात होता," मी म्हणाले. "बर्फातून जावं लागायचं."

"आजी, अंगणातल्या संडासाचा आणि हॉलंडच्या फीचा काय संबंध?"

"कष्टाचा संबंध."

पुढच्या स्लाइड्सच्या वेळी मी डोळे मिटून विचार करत होते. (मेधाच्या मते घोरत होते.) शेवटी दिवे लागले तेव्हा मी म्हणाले, "चांगलं सांगितलंस. अजून माझं ठरलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या उशाशी आल्याचा चहा आला.

तो चहा पिताना मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, की मत ही देऊन टाकायची वस्तू नव्हे, राखून ठेवायची वस्तू आहे. चहा रोज येऊ लागला. डिशवॉशर आपोआप रिकामा होऊ लागला. एरवी मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी मुलगी "आजी, तुला काय हवं?" असं शुद्ध मराठीत विचारू लागली. रोज दुपारी शाळेतून आली की ती माझे पाय चेपायची. मी अधूनमधून नुसता सुस्कारा सोडायचे, "काय करावं, काही सुचत नाही बाई," की डाव्या पायावरून उजव्या पायावर.

मेधा वैतागली. "आई, तिची परीक्षा तोंडावर आलीय आणि ती तुझे पाय चेपतेय."

"लोकशाही आहे," मी म्हणाले. "मी काय करू?"

शेखरराव टोरोंटोतल्या एका बँकेत कॉम्प्युटरच्या कामावर. सकाळच्या ट्रेननं जायचे, संध्याकाळच्या ट्रेननं यायचे, आणि मधल्या वेळात कुणाच्या भानगडीत पडायचे नाहीत. एका शुक्रवारी ते इंडियन ग्रोसरीतून हापूसची पेटी घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "आई, माझं तसं काही म्हणणं नाही." मीसुद्धा तसं काही म्हटलं नाही. पेटी ठेवून घेतली.

यात विघ्न एकच, नलू. नलू ही माझी लेस्टरची मैत्रीण. दर रविवारी तिचा फोन, आणि मला कमी ऐकू येतं म्हणून तो स्पीकरवर.

"बाहेरच पडायचं हं," नलू म्हणायची. "डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळत नाही तीन-तीन आठवडे."

"हो ग."

"आपण गेलो तेव्हा असं होतं का?"

"हो ग. म्हणजे, नाही ग."

"बाहेर पडलो की बघ सगळं कसं ताळ्यावर येतं."

"हो ग."

सई जिन्यावर बसून ऐकत होती. आता नलूला "हो ग" म्हटल्याशिवाय तिचा फोन ठेवता येत नाही, हे मला चाळीस वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं. सईला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं.

मे महिन्याच्या सुरुवातीला सईनं पाय चेपता चेपता विचारलं, "आजी, तुझा बर्थडे एक जूनला ना? मी केक करणार आहे."

"एक जून माझा नव्हे. गुरुजींचा."

"म्हणजे?"

"शाळेत नाव घालताना वडिलांना तारीख आठवेना. गुरुजींनी एक जून लिहून टाकली. आमच्या वर्गातली निम्मी मुलं एक जूनला जन्मलेली होती."

सईचे हात थांबले. "आणि पासपोर्टवर?"

"शाळेच्या दाखल्यावरून सगळीकडं तीच. पासपोर्ट, पेन्शन, दवाखाना."

"आजी, तुझी सगळी आयडेंटिटी फेक आहे."

"बाकीचं खरं आहे. फक्त जन्म खोटा."

"मग खरा कधी?"

"अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, असं आई सांगायची. त्याची इंग्रजी तारीख कोण बघत बसलंय."

सई बसली बघत. तिनं कुठून कुठून जुनी पंचांगं धुंडाळली आणि तासाभरानं वर येऊन जाहीर केलं, "बारा मे."

बारा मेला संध्याकाळी मला डोळे मिटायला लावून टेबलापाशी नेलं. वेलदोड्याचा केक होता, एका बाजूला कललेला. त्यावर साखरेच्या निळ्या अक्षरांत, रविवारच्या मराठी शाळेतून दोनदा पळून आलेल्या मुलीच्या हातानं, वेड्यावाकड्या देवनागरीत लिहिलं होतं, "आजी, खरा वाढदिवस." अडुसष्ट वर्षांत माझ्या खऱ्या दिवशी मला कुणी काही दिलं नव्हतं. कारण तो दिवस कुठला, हेच कुणी शोधलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी डोळे पुसले आणि या दिवसांत हवेत परागकण फार असतात, असं काहीतरी बोलले.

माझं मत त्याच मिनिटाला ठरलं. (सांगितलं मात्र नाही. चहा बंद झाला असता.)

जूनच्या सुरुवातीला टपालानं मतपत्रिका आली. नावनोंदणीचा फॉर्म मेधानं मार्चमध्येच ऑनलाइन भरून ठेवला होता. टपाली मताच्या अर्जावर मी तेव्हा नुसती सही केली होती. आता मात्र मी सगळ्यांना बजावलं, की मतदान गुप्त असतं आणि कुणीही माझ्या मागं यायचं नाही.

"आई, फॉर्म किचकट असतात. मी एकदा नजर टाकते," मेधा म्हणाली.

"तुमच्या पिढीला एक फॉर्म कुणी हात धरल्याशिवाय भरता येत नाही, म्हणून आम्हालाही येत नाही असं समजू नका," असं म्हणून मी पाकीट घेतलं, बेसमेंटमध्ये गेले आणि आतून कडी लावली.

वॉशिंग मशीनवर कागद पसरले. आधी सईच्या बाजूच्या चौकटीत फुली मारली, ती इतकी ठळक, की कागदाला खालून वळ उठले. मग दुसरा कागद. त्यावर सही करायची होती, जन्मतारीख लिहायची होती, आणि खाली बारीक अक्षरांत बजावलं होतं, की खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. मी पेन उचललं आणि थांबले. जन्मभर मी गुरुजींची तारीख लिहीत आले होते. आज नातीच्या भविष्यासाठी पहिल्यांदा काही लिहायचं, ते तरी खरं लिहावं. मी ताठ बसले आणि सुवाच्य अक्षरांत लिहिलं, बारा मे. इतक्या स्वच्छ मनानं मी त्याआधी कुठलाच सरकारी कागद भरला नव्हता.

वर आले तेव्हा सई दाराशीच उभी होती. "कुणाला दिलंस?"

"गुप्त," मी म्हणाले आणि पाकीट डिंकानं चिकटवलं, वर टेपही लावली. शेखररावांनी ते त्याच दिवशी टपालात टाकलं.

निकालाच्या सकाळी मी पोह्यांना फोडणी देत होते. सई खाली आली, फोन हातात, चेहरा उतरलेला.

"बाहेर," ती म्हणाली.

"कोण बाहेर?"

"ब्रिटन."

मी गॅस बंद केला.

"आजी, तू नलूआजीला 'हो ग' म्हणालीस. मी ऐकलंय."

"ते मी तिला १९७४ पासून म्हणतेय."

"खरं सांग, कुणाला मत दिलंस?"

"तुला."

"तू तर गुप्त म्हणाली होतीस."

"होतं गुप्त. आता सांगतेय ना."

"आता सगळेच असं सांगणार." तिचा आवाज बारीक झाला. "आजी, तुला तिथं राहायचं नाहीये. नलूआजीला नवीन काही सुरू करायचं नाहीये. मला करायचं होतं."

ती वर निघून गेली. पोहे तसेच राहिले.

त्या दिवसापासून चहा बंद. पाय बंद. मराठीही बंद. मी काहीही विचारलं तरी एकच उत्तर, "फाइन." (कॅनडातल्या मुलांचं "फाइन" हे एक प्रकारचं बर्फ असतं, आणि ते फावड्यानं काढूनही जात नाही.) चहा मी माझा करून घेतला असता हो. पण जिनं माझा जन्म शोधून दिला, तिला मी तिचं भविष्य विकणारी बाई वाटत होते, ते काही माझ्या घशाखाली उतरेना. आणि यात चूक माझीच. दोन महिने मी पाय पुढं करून "अजून ठरलं नाही" म्हणत बसले होते, मग आता "ठरलं होतं ग, केव्हाच ठरलं होतं" यावर कोण विश्वास ठेवणार?

पण हार मानण्याचं माझं वय नव्हतं. मी लेस्टरच्या निवडणूक कचेरीला फोन लावला.

"मला फक्त एक दाखला हवाय," मी तिथल्या मुलीला इंग्रजीत सांगितलं, "की मी राहण्याच्या बाजूनं मत दिलं."

"मॅडम, ते आम्हाला कळत नाही. मतदान गुप्त असतं."

"मी परवानगी देते."

"तुम्ही परवानगी दिलीत तरी ते गुप्तच असतं."

"अहो, पण मग माझ्या नातीला मी काय दाखवू?"

मग तिनं माझं नाव-पत्ता विचारला, काहीतरी टकटक केलं आणि म्हणाली, "मॅडम, तुमच्या नावानं आम्ही एक पत्र आधीच पाठवलंय. थोड्या दिवसांत मिळेल."

मी विजयी मुद्रेनं फोन ठेवला. बघा, न मागता पाठवलं. याला म्हणतात ब्रिटिश व्यवस्था. मी घरात जाहीर केलं, की माझ्या मताचा लेखी पुरावा निघाला आहे, आणि तो आला की सगळ्यांसमोर वाचला जाईल. पत्र आलं ते मी फोडलंसुद्धा नाही. रविवारी श्रीखंड-पुरीचा बेत केला, सईला "निदान जेवायला तरी खाली ये" म्हणून बोलावलं, आणि पानं वाढून झाल्यावर पाकीट तिच्या हातात दिलं.

"मोठ्यानं वाच," मी म्हणाले. "सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

सईनं पाकीट फोडलं आणि वाचत वाचत मराठीत सांगू लागली. "आपलं टपाली मत मिळालं... परंतु..." ती थांबली.

"वाच, वाच. लाजू नकोस," मी म्हणाले आणि वाटीत श्रीखंड वाढून घेतलं.

"परंतु ते मोजता आलं नाही. कारण तुम्ही लिहिलेली जन्मतारीख आमच्या रेकॉर्डशी जुळत नाही."

शेखररावांची पुरी हवेतच राहिली. मेधानं हातातला डाव हळूच खाली ठेवला आणि तितक्याच हळू आवाजात विचारलं, "आई, तू एक जूनच लिहिलंस ना?"

"खोटी तारीख कशाला लिहू? तिथं बजावलं होतं, खरं लिहा. मी खरी लिहिली. बारा मे."

"रजिस्ट्रेशनमध्ये मी पासपोर्टवरची घातली होती," मेधा म्हणाली.

"ते तू मला विचारायला हवं होतंस."

"कडी लावून घेतलीस तेव्हा विचारणारच होते."

सईनं पत्र ताटाशेजारी ठेवलं. "बारा मे मी शोधली," ती सावकाश म्हणाली. "मी शोधली. मी केक केला. आणि..." तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलू लागले. मला वाटलं रडतेय. मी उठून जवळ गेले तर पोरगी हसत होती, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, आणि त्यातलं कुठलं कशासाठी ते तिलाही कळत नव्हतं.

"शाबास," मेधा म्हणाली. "प्रचारही हिचा आणि मतही हिनंच बाद करवलं."

"पण म्हणजे तू खरंच मला दिलं होतंस," सई माझ्याकडं बघत म्हणाली. "नलूआजीच्या साइडनं द्यायचं असतं तर तू माझी तारीख लिहिली नसतीस."

जगात असा दाखला कुठल्याच कचेरीत मिळाला नसता.

(सई पुढच्या वर्षी हॉलंडला गेली. ब्रिटनला दारातून बाहेर पडायला इतका वेळ लागला, की तोवर तिची फी जुन्याच दरानं भरून झाली. नोकरी मात्र तिला पुढं परदेशी म्हणून, कागदांची चळत घेऊन मिळवावी लागली. तेवढं आम्हा म्हाताऱ्यांच्या नावावर लागलंय ते लागलंय.)

त्या संध्याकाळी सई दोन कप चहा घेऊन माझ्या खोलीत आली आणि पलंगावर मांडी घालून बसली.

"आजी, आता खरं सांग. माझ्या कुठल्या स्लाइडनं तुला कन्व्हिन्स केलं? फी? घरं? की जॉब्ज?"

"तुझा फोटो आला तिथपर्यंत मी जागी होते."

"मग मत कशानं ठरलं?"

"केकनं."

सई विचारात पडली. "म्हणजे मी तुला लाच दिली."

"दिलीस की. आणि मी घेतली. चहा, पाय, हापूस तुझ्या बाबाकडून, वर केक."

"एवढं सगळं घेतलंस," ती म्हणाली, "आणि शेवटी काम केलंच नाहीस."

मी चहाचा घोट घेतला. लाच घेऊन वर काम बिघडवून ठेवणारी माणसं आपण तिकडं मायदेशातल्या कचेऱ्यांत सोडून आलो, असं मी चाळीस-पन्नास वर्षं सगळ्यांना ऐकवत होते. त्यातलं एक माणूस माझ्याच पासपोर्टवर इकडं आलं होतं, हे कुणी लक्षातच आणून दिलं नव्हतं.